डेटा एन्क्रिप्टेड आहे, ठीक. पण बिल सेव्ह होताना लाइट गेली तर?

बिलिंग सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास बोलतो. "सर, डेटा फुल्ली एन्क्रिप्टेड आहे, २५६ बिट, एकदम बँकेसारखी सिक्युरिटी." आपण मान डोलावतो. कारण त्याच्यापुढे काय विचारायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. तो पुढचा प्रश्न आज देतो. त्याला शांतपणे विचारा, "बिल सेव्ह होत असताना लाइट गेली तर काय होतं?"

बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर, काही होत नाही." एवढ्यावर समाधान मानू नका. 'काही होत नाही' म्हणजे कसं काही होत नाही, हे सांगता आलं पाहिजे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवीन दुकान टाकणाऱ्या माणसाच्या डेटाला चोरापेक्षा लाइटचा धोका मोठा आहे. चोर रोज येत नाही. लाइट पावसाळ्यात दिवसातून चारदा जाते. एन्क्रिप्शन हे चोरावरचं औषध आहे, लाइटवरचं नाही. इतकंच असतं तरी चाललं असतं, पण एन्क्रिप्शन कच्चं बसवलेलं असेल तर लाइट गेल्यावरचं नुकसान कमी होण्याऐवजी वाढतं. हे ब्रोशरवर कुणी छापत नाही. आता हे का होतं ते बघू. थोडं टेक्निकल आहे, पण वही-खातं ज्याला समजतं त्याला हेही समजेल.

डिस्कवर एकेक अक्षर लिहिलं जात नाही. ठरावीक मापाच्या खणांत लिहिलं जातं. त्या खणाला सेक्टर म्हणतात. पूर्वी हा सेक्टर ५१२ बाइटचा असायचा. २०११ च्या आसपासपासून हार्ड डिस्क कंपन्या ४०९६ बाइटच्या सेक्टरवर आल्या. तुम्ही बिलातला फक्त एक आकडा बदलला, तरी डिस्क तो अख्खा सेक्टर नव्याने लिहिते.

आता डेटाबेस, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरच्या आतली खरी वही, तिचं स्वतःचं माप वेगळं असतं. ती पानांत लिहिते. एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस, जो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतो आणि बऱ्याच मोबाइल ॲप्सच्या पोटात असतो, त्याचं पान आता सहसा ४०९६ बाइटचं असतं. पोस्टग्रेसचं ८१९२ बाइटचं, मायएसक्यूएलचं १६,३८४ बाइटचं. हिशोब करा. १६,३८४ बाइटचं पान ५१२ बाइटच्या डिस्कवर लिहायचं म्हणजे ३२ सेक्टर लिहायचे. दहा लिहून झाले आणि लाइट गेली. आता त्या पानावर दहा सेक्टर नवे आणि बावीस जुने. वर नवा हिशोब, खाली जुना. याला त्या क्षेत्रातले लोक फाटलेलं पान म्हणतात. शब्द अगदी बरोबर आहे.

डेटाबेस बनवणाऱ्यांना हवं असतं ते याच्या उलट. लिहिणं एकतर पूर्ण व्हावं, नाहीतर झालंच नाही असं राहावं. मधली अवस्था नको. याला ते ॲटॉमिक म्हणतात, म्हणजे ज्याचे तुकडे पडत नाहीत असं. ग्राहकाने उधारीपैकी पाचशे रुपये भरले तर कॅशमध्ये पाचशे वाढले पाहिजेत आणि त्याच्या खात्यावरून पाचशे कमी झाले पाहिजेत. कॅश वाढली आणि उधारी तशीच राहिली, तर पुढच्या महिन्यात गल्ल्यासमोर भांडण ठरलेलं.

मग निदान एक सेक्टर तरी तुकडे न पडता लिहिला जातो का? आधुनिक हार्ड डिस्क बहुतेक वेळा हातातला सेक्टर पुरा करते. पण एसक्यूलाइट बनवणाऱ्यांनी आपल्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की आम्ही सेक्टर अखंड लिहिला जाईल असं गृहीत धरत नाही. मला ही माणसं आवडतात. आपल्या मालाबद्दल कमी बढाई आणि दुसऱ्याच्या मालाबद्दल जास्त संशय.

आणि संशय उगाच नाही. २०१३ साली अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी १५ एसएसडी घेतल्या आणि चालू लिखाणात त्यांची वीज मुद्दाम तोडून बघितली. १५ पैकी १३ एसएसडींनी काही ना काही गडबड केली. कुठे बिट बिघडले, कुठे अर्धवट लिखाण, कुठे लिखाणाचा क्रम उलटसुलट, आणि क्वचित अख्खी डिस्कच गेली. एसएसडी तेव्हापासून बऱ्याच सुधारल्या असतील. पण सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं काम संपवण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर मुद्दाम बसवलेले असतात आणि आपल्या दुकानातल्या स्वस्त एसएसडीत ते सहसा नसतात, हा फरक आजही आहे.

मग उपाय काय? उपाय जुना आहे, कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जुना. पेढीवरचे मुनीम काय करायचे? व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत उतरवायचे. मग सवडीने तिथून खतावणीत घ्यायचे. खतावणी लिहिताना मध्येच उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी कीर्द उघडायची आणि परत खतवायचं. कीर्द शाबूत आहे तोवर खतावणीतल्या अर्धवट ओळीची भीती नाही.

डेटाबेस हेच करतो. नवं पान आधी एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं, प्रत्येक नोंदीबरोबर तिची पडताळणीची बेरीज लिहायची, व्यवहार पूर्ण झाल्याची खूण करायची, आणि नंतर ते मुख्य फाइलमध्ये उतरवायचं. कीर्द लिहिताना लाइट गेली तर शेवटच्या नोंदीची बेरीज जुळत नाही, ती नोंद फेकून दिली जाते. ते एक बिल परत करावं लागेल, बाकी वही जशीच्या तशी. मुख्य फाइलमध्ये उतरवताना लाइट गेली तर कीर्द आहेच, परत उतरवायचं. एसक्यूलाइटची आणखी एक जुनी पद्धत आहे, ती उलट्या बाजूने जाते. आधी जुन्या पानाची नक्कल बाजूला ठेवते आणि काम फसलं तर ती नक्कल परत चिकटवते. मायएसक्यूएल प्रत्येक पान दोनदा लिहितो. पोस्टग्रेस ठरावीक काळानंतर पानाला पहिला हात लावताना अख्खं पान कीर्दीत उतरवून घेतो. चौघांच्या तऱ्हा वेगळ्या, तत्त्व एकच. एकुलत्या एका प्रतीवर थेट हात चालवायचा नाही.

इथे एक कामाची गोष्ट. तुमच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये डेटा फाइलच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी 'वॉल' किंवा 'जर्नल' लिहिलेली फाइल दिसली तर तिला कचरा समजून डिलीट करू नका. तीच कीर्द आहे. सॉफ्टवेअर चालू असताना फक्त मुख्य फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून 'बॅकअप घेतला' असं म्हणणारे भरपूर आहेत. त्यांनी कीर्द घरी ठेवून फक्त खतावणी उचललेली असते. बॅकअप सॉफ्टवेअरच्याच बॅकअप बटणातून घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून अख्खा फोल्डर उचला.

आता एन्क्रिप्शनकडे येऊ. ते २५६ बिट म्हणजे किल्लीची लांबी. पद्धत बहुतेक ठिकाणी एईएस, जिला अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००१ मध्ये अधिकृत मान्यता दिली. ती आजही भक्कम आहे, त्यात वाद नाही. पण लाइट गेल्यावर काय होतं याच्याशी त्या २५६ चा काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो कुलूप कुठे लावलंय याच्याशी.

एक जागा म्हणजे अख्खी डिस्क. विंडोजमधला बिटलॉकर असा आहे. तो सेक्टर सेक्टर वेगळा कुलूपबंद करतो, आणि जेवढे बाइट आत तेवढेच बाहेर, लांबी बदलत नाही. त्यामुळे पान फाटलं तरी जो सेक्टर नवा तो नवा उघडतो, जुना तो जुना उघडतो. म्हणजे एन्क्रिप्शन नसताना जी अवस्था झाली असती तीच अवस्था. डेटाबेसची कीर्द नेहमीसारखी पुढे येते आणि पान दुरुस्त करते. लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा वाचता येत नाही, आणि लाइट गेली तर वेगळं नुकसान होत नाही. छोट्या दुकानाला मी हेच सुचवतो.

दुसरी जागा म्हणजे डेटाबेसची फाइल. एसक्यूलसायफर हे याचं चांगलं उदाहरण, एसक्यूलाइटचंच कुलूपबंद रूप. इथे प्रत्येक पान वेगळं एन्क्रिप्ट होतं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी थोडी जागा राखलेली असते. चौथ्या आवृत्तीत ती ८० बाइट आहे. त्यात एक यादृच्छिक आकडा असतो आणि एक शिक्का. शिक्का म्हणजे लाखेचं सील समजा. अख्ख्या पानावरून काढलेला. पानातलं एक अक्षर जरी बदललं तरी शिक्का जुळत नाही आणि सॉफ्टवेअर ते पान उघडायला नकार देतं. हे चांगलंच आहे, कुणी फाइलमध्ये जाऊन तुमचे आकडे गुपचूप बदलू शकत नाही.

पण आता फाटलेलं पान आठवा. वरचा भाग नवा, खालचा जुना, आणि तळाशी शिक्का जुन्या पानाचा. जुळणार कसा? शिक्क्याला हे कळत नाही की पान चोराने बदललं की लाइटने. त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. साध्या फाइलमध्ये अशा पानावरची निम्मी नावं-आकडे निदान डोळ्यांनी दिसले असते, आणि एखाद्या जाणकार पोराने रात्रभर बसून ते वेगळे काढून दिले असते. कुलूपबंद फाइलमध्ये पान गेलं की पूर्ण गेलं. शिक्क्याची यात चूक नाही, त्याचं कामच ते. पण म्हणूनच शिक्का असलेल्या डेटाबेसला कीर्द जास्त लागते, कमी नाही.

एसक्यूलसायफरमध्ये ती आहे. कीर्दीतली पानंसुद्धा एन्क्रिप्ट होऊन जातात, आणि एसक्यूलाइटची पुढची-मागची सगळी यंत्रणा तशीच चालते. तेव्हा नीट वापरलं तर घाबरायचं काही नाही. गडबड होते ती 'आमचं सॉफ्टवेअर एकदम फास्ट' म्हणणाऱ्यांकडे. वेग वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कीर्द बंद करणे, किंवा 'डिस्कवर खरंच लिहिलं का' ही खात्री करणं बंद करणे. दोन्ही एका ओळीच्या सेटिंगने होतं. डेमोत बिल फटकन सेव्ह होतं, सगळे खूश. किंमत लाइट गेल्यावर कळते. लिनक्समध्ये अख्ख्या डिस्कवर असा शिक्का मारायची सोय आहे. तिथे बनवणाऱ्यांनी डेटा आणि शिक्का एका दमात जावा म्हणून आधी जर्नलमध्ये आणि मग जागेवर, असं दोनदा लिहिणं पत्करलं, वेग गेला तरी. ज्याला हा व्यवहार कळलाय तो फुकटच्या वेगाची जाहिरात करत नाही.

तिसरी तऱ्हा सगळ्यात धोक्याची, आणि आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या घरगुती सॉफ्टवेअरमध्ये तीच दिसते. सॉफ्टवेअर उघडताना अख्खी फाइल उघडून मेमरीत घ्यायची, आणि सेव्ह करताना अख्खी फाइल परत एन्क्रिप्ट करून त्याच फाइलवर लिहायची. २० एमबीची फाइल म्हणजे ४०९६ बाइटचे पाच हजारांहून जास्त सेक्टर, प्रत्येक सेव्हला. एका बिलासाठी! मध्ये लाइट गेली तर वर नवी फाइल, खाली जुनी फाइल, आणि त्यात दोन वर्षांचा सगळा धंदा. खरं तर यावर उपाय सोपा आहे. नवी फाइल वेगळ्या नावाने पूर्ण लिहायची, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, आणि मगच नाव बदलून जुनीच्या जागी आणायची. एक्सेलसुद्धा सेव्ह करताना आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं. पण चार दिवसांत कुलूप बसवून देणाऱ्याने एवढं केलंय की नाही ते विचारल्याशिवाय कळत नाही. ओळखायची एक खूण सांगतो. धंदा वाढेल तसा सेव्हला लागणारा वेळ वाढत चालला असेल, तर शंका घ्या.

तर विक्रेत्याला विचारायचं ते असं. आत डेटाबेस कुठला आहे? एन्क्रिप्शन डेटाबेसवाल्यांचं आहे की तुम्ही स्वतः लिहिलंय? स्वतः लिहिलंय असं अभिमानाने सांगितलं तर मी तिथेच चहा संपवून उठेन. जर्नल चालू आहे का? आणि शेवटी, करून दाखवता का? त्याच्याच डेस्कटॉपवर, खोट्या डेटावर, बिलं सेव्ह होत असताना प्लग काढायचा. एकदा नाही, आठ-दहा वेळा, कारण फाटायचा क्षण दरवेळी सापडत नाही. बॅटरीच्या लॅपटॉपवर ही परीक्षा होत नाही. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम बंद करणं हीसुद्धा ही परीक्षा नव्हे, कारण तेव्हा विंडोज जिवंत असतं आणि त्याच्या हातात असलेलं लिखाण ते आरामात डिस्कवर पोचवतं. प्लगच काढायचा. शेवटचं एखादं बिल गेलं तर मी ते मान्य करतो. सॉफ्टवेअर उघडलंच नाही तर सौदा नाही.

सॉफ्टवेअर क्लाउडवर असेल तर डिस्कची काळजी त्यांच्या सर्व्हरची. पण 'नेट नसतानाही बिलिंग चालू' असं म्हणतात तेव्हा ती बिलं तुमच्याच मशीनवर साठत असतात, आणि वरचे सगळे प्रश्न तिथेही लागू होतात.

पैसे कशावर आधी खर्च करायचे, याबद्दल माझा क्रम ठरलेला आहे आणि क्लासमध्ये यावर वाद झाले तरी मी तो बदललेला नाही. सगळ्यात आधी छोटा यूपीएस. दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी मशीन नीट बंद करता येतं आणि फाटलेल्या पानाचा विषयच येत नाही. त्याची बॅटरी उतरते, तेव्हा दोन-तीन महिन्यांतून एकदा मेन स्विच बंद करून बघा किती वेळ टिकतो. मग बॅकअप, रोजचा, आणि त्यातला एक दुकानाबाहेर. चालू डेटा पेनड्राइव्हवर ठेवून त्यावरच बिलं करायची हा प्रकार बंद करा. पेनड्राइव्ह नक्कल न्यायला आहे. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून कालचं शेवटचं बिल दिसतं का ते बघा. न उघडून बघितलेला बॅकअप मी बॅकअपमध्ये धरत नाही. एन्क्रिप्शन तिसऱ्या नंबरवर. ते नकोच असं मी म्हणत नाही. ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर आपल्याकडे असतात, ते सांभाळणं आपलं काम आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे.

जीएसटी नोंदणी असेल तर यात कायद्याचा भागही येतो. हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. आणि सीजीएसटी नियमांतला ५७ वा नियम वाचा, छोटासाच आहे. हिशोब कॉम्प्युटरवर ठेवत असाल तर अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील असा बॅकअप ठेवायचा. आणि मागितल्यावर त्या फाइलींचे पासवर्डही द्यायचे. अधिकारी समोर बसलेला असताना "साहेब, डेटा सुरक्षित आहे पण उघडत नाही" हे उत्तर चालत नाही.

आता किल्लीचं. एसक्यूलसायफरच्या फाइलमध्ये पहिले १६ बाइट म्हणजे सॉल्ट, एक यादृच्छिक आकडा. तुमचा पासवर्ड आणि तो आकडा मिळून खरी किल्ली बनते. ते १६ बाइट खराब झाले तर बरोबर पासवर्ड टाकूनही फाइल उघडत नाही, आणि 'पासवर्ड चुकीचा' असा मेसेज बघत माणूस वेडा होतो. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की असते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. कॉम्प्युटर घेऊन देणाऱ्याने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून सेटअप केला असेल तर ती की त्याच्या खात्यात जाऊन बसलेली असू शकते. आजच तपासा. कागदावर छापा, एक प्रत घरच्या कपाटात, एक दुकानातल्या माणसाकडे नाही तर भावाकडे किंवा बायकोकडे. त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाच्या फाइलमध्ये नको.

पुढच्या आठवड्याच्या व्हिडिओत एका जुन्या डेस्कटॉपवर प्लग काढून दाखवणार आहे. तोवर तुमच्या विक्रेत्याला फोन करून जर्नलचं विचारा, आणि तो काय म्हणाला ते मला कळवा.